केमो पुढे चालू ठेवायची का?

पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज चुकीचा आहे. वेदना, धाप, मळमळ कमी करणारे हे उपचार केमोथेरपीबरोबरही देता येतात. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात पॅलिएटिव्ह केअर लवकर मिळालेल्यांवर अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, तरी ते जास्त जगले: मध्यक आयुर्मान ११.६ महिने, इतरांचे ८.९.

केमो चालू ठेवायची का हे ठरवताना रुग्ण दिवसाचा किती वेळ अंथरुणात असतो, हे डॉक्टर आधी पाहतात. अर्ध्याहून अधिक वेळ पडून असेल, तर केमोचा लाभ सहसा कमी आणि त्रास जास्त होतो. रक्ताचे काही कॅन्सर आणि जनुकीय बदलांवर नेमके काम करणाऱ्या गोळ्या हे अपवाद. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर मात्र रेडिएशनची एकच मात्रा अनेकदा पुरते.

नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे: या उपचारातून आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? किती दिवस रुग्णालयात जातील? उपचार थांबवले तर काय होईल? त्याआधी रुग्णाला विचारावे, त्याला काय हवे आहे. आजार त्याच्यापासून लपवला, तर निर्णयाचा त्याचा हक्कच आपण काढून घेतो.