उन्हात उंच होणारी धावपट्टी

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर वसलं आहे. पण मे महिन्याच्या दुपारी पारा 42 अंशांवर गेला, की तिथल्या धावपट्टीवर उभं असलेलं छोटं विमान सुमारे 1,800 मीटरवर असल्यासारखं वागू लागतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. विमानाच्या हिशेबात भर दुपारी ही धावपट्टी त्याच्याही वर जाऊन बसलेली असते. वैमानिक या हिशेबी उंचीला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात. नकाशावरची उंची काहीही असो, हवा किती विरळ झाली आहे ते ती सांगते.

हा हिशेब ज्येष्ठ वैमानिकांसाठी तर दुप्पट महत्त्वाचा. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना तिथल्या छोट्या विमानतळांवर एक दृश्य सहज दिसतं: नोकरीतून निवृत्त झालेला माणूस चार आसनी विमानाभोवती फेरी मारतो, पंखातलं इंधन तपासतो आणि एकटाच उडून जातो. प्रवासी विमानं चालवणाऱ्याला 65 व्या वर्षी थांबावं लागतं. खासगी उड्डाणाला ती अट नाही. मग सत्तरीतल्या माणसानं विमान उडवावं का? या प्रश्नाचं उत्तर जन्मतारखेपेक्षा हवेत जास्त सापडतं.

विरळ हवेचा तिहेरी फटका

जगात सर्वांत जास्त बनलेलं विमान म्हणजे सेसना 172. 1955 मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर 44,000 हून अधिक विमानं तयार झाली. अलीकडच्या मॉडेलचं माणसं-इंधनासह कमाल वजन सुमारे 1,157 किलो, इंजिन 180 अश्वशक्तीचं. पंख, पंखा आणि इंजिन ही तिन्ही हवेवरच चालतात. 42 अंशांना धाराशिवची हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 15 टक्के हलकी असते. इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून ताकद घटते. पुढचा पंखा कमी हवा मागे लोटतो. आणि तेवढंच वजन उचलायला पंखांना सुमारे 9 टक्के जास्त वेग लागतो. परिणामी विमान धावपट्टीवर लांबपर्यंत धावतं आणि उडाल्यावरही रडतखडत चढतं.

अशा वेळी वैमानिक उड्डाणाआधी लाल मुठीचा दांडा हळूच मागे ओढतो. त्यानं इंजिनात जाणारं पेट्रोल कमी होतं. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर इंजिन गुदमरतं. दांडा थोडा ओढला की फेऱ्यांचा काटा वर सरकतो, आवाज मोकळा होतो. पण त्यानं गेलेली सगळी ताकद परत येत नाही. खरा उपाय सोपा आहे: पहाटे उडणं. पारा 25 अंशांवर असताना तीच धावपट्टी सुमारे 1,170 मीटरवर ‘उतरलेली’ असते.

सोनारीवरून जाताना

परंडा तालुक्यातलं सोनारी काळभैरवनाथासाठी आणि तिथल्या माकडांसाठी प्रसिद्ध. डोळ्यांनी वाट काढत उडणाऱ्याला या भागात खुणा भरपूर: परंड्याचा भुईकोट किल्ला, सीना नदीचं वळण, सीना-कोळेगाव धरणाचं पाणी. याच खुणा हवेचा स्वभावही सांगतात. नांगरून पडलेली काळी रानं लवकर तापतात आणि त्यांच्यावरून गरम हवेचे झोत वर उठतात, तिथे विमान आपोआप उचललं जातं. धरणाचं पाणी त्या मानानं थंड, तिथे विमान खाली दबतं. रान संपून पाणी सुरू होतं तिथे हलकं विमान हमखास हादरतं. हे आधीच ओळखणारा वैमानिक पट्टा घट्ट करून, वेग थोडा कमी करून तिथे पोहोचतो.

अशा ठिकाणी अनुभव वयाला भारी पडतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 40 ते 69 वयाच्या 118 वैमानिकांची तीन वर्षं सिम्युलेटरवर चाचणी घेतली. 2007 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षानुसार ज्येष्ठांचे सुरुवातीचे गुण कमी होते, पण पुढच्या वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली. वरचं प्रशिक्षण घेतलेल्यांची कामगिरी अधिक टिकली. आपल्याकडचं उदाहरण जे. आर. डी. टाटांचं. त्यांना 1929 मध्ये मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. 1932 साली त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं आणि 1982 मध्ये, 78 व्या वर्षी, तोच मार्ग छोट्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा उडून दाखवला.

शरीराचा अल्टिमीटर

शरीर मात्र सूट देत नाही. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यात उजेड कमी शिरतो. त्यातच अंधारात पाहणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशींना ऑक्सिजन फार लागतो. त्यामुळे रात्री 5,000 फुटांपासूनच नजर मंदावू लागते. ऑक्सिजन कमी पडल्याचं दुखत नाही, उलट माणसाला उगाच आत्मविश्वास वाटतो. कोविडमध्ये घराघरांत आलेला ऑक्सिमीटर म्हणूनच वैमानिकाच्या बोटावरही शोभतो. सर्दीची साधी गोळीही झोप आणून घात करू शकते.

अमेरिकेनं 2017 पासून पात्र खासगी वैमानिकांना विमानखात्याच्या डॉक्टरऐवजी घरच्या डॉक्टरकडून दर चार वर्षांनी तपासणी करून घेण्याची मुभा दिली. जोडीला दर दोन वर्षांनी आरोग्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम. म्हणजे मधल्या प्रत्येक दिवसाची जबाबदारी वैमानिकाच्या स्वतःच्या प्रामाणिकपणावर आली.

बारामती, धुळे, गोंदियात आज तरुण मुलं उडायला शिकतात. तिथे साठीनंतरच्या हौशी माणसांसाठीही दार उघडं असावं, असं मला मनापासून वाटतं. अट एवढीच: उड्डाणाचा हिशेब मांडताना वय लपवू नये. तापमान, वजन आणि ऑक्सिजन यांच्या रांगेत तोही एक आकडा लिहावा, आणि बेरीज जमत नसेल त्या दिवशी विमान हँगरमध्येच ठेवावं.