विंझरच्या रस्त्याबद्दल विधानसभेत प्रश्न कोण विचारणार? विरोधी पक्षनेत्याविना सभागृह म्हणजे काय, समजून घ्या

पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघालं की वाटेत विंझर लागतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. समजा, या रस्त्याचं काम मंजूर झालं, निधी आला आणि काम अर्ध्यावर थांबलं. पैसा कुठे गेला, हे मंत्र्याला सभागृहात उभं करून कोण विचारणार?

साधं उत्तर म्हणजे आमदार. पण २०२४ नंतर या उत्तरात एक मेख आहे.

भोर मतदारसंघात नेमकं काय झालं?

विंझर भोर विधानसभा मतदारसंघात येतं. भोर, वेल्हे आणि मुळशी या भागांचा हा मतदारसंघ. २००९ पासून सलग तीन वेळा इथून काँग्रेसचे संग्राम थोपटे निवडून आले. या काळात ते कधी सत्तेच्या बाकांवर होते, तर कधी विरोधात. २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार) शंकर मांडेकर जिंकले. एप्रिल २०२५ मध्ये थोपटे यांनी भाजपमध्ये प्रवेश केला.

म्हणजे जिंकलेला उमेदवार महायुतीत आणि हरलेलाही महायुतीत. यात बेकायदा काही नाही. मात्र विंझरच्या मतदाराला सरकारविरोधात बोलणारा राज्य पातळीवरचा मोठा स्थानिक चेहरा उरला नाही. दिल्लीत चित्र उलटं आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे तिथे विरोधी बाकांवर आहेत. पण राज्याचे रस्ते, आरोग्य केंद्रं, तलाठी कार्यालय यांचा जाब मुंबईतच विचारावा लागतो.

सत्ताधारी आमदार प्रश्न विचारू शकत नाही का?

विचारू शकतो, आणि विचारतातही. मंत्री सोडून कोणत्याही सदस्याला हा अधिकार आहे. त्यासाठीची मुख्य आयुधं अशी:

- तारांकित प्रश्न: मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कोंडी इथेच होते.
- अतारांकित प्रश्न: उत्तर लेखी मिळतं. उपप्रश्न नाही.
- लक्षवेधी सूचना: तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्याला निवेदन करावं लागतं.
- स्थगन प्रस्ताव: विषय इतका गंभीर की ठरलेलं कामकाज बाजूला ठेवा, अशी मागणी.
- नियम २९३ ची चर्चा: शेती, कायदा-सुव्यवस्था अशा मोठ्या विषयांवर सविस्तर चर्चा.

फरक पडतो तो उपप्रश्नात. 'काम लवकरच सुरू होईल' या उत्तरावर सत्ताधारी आमदार मंत्र्याचे आभार मानून खाली बसू शकतो. विरोधी आमदार 'लवकर म्हणजे कोणत्या तारखेला?' असं विचारतो. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. म्हणून ती तारीख महत्त्वाची.

मग विरोधी पक्षनेता कशाला हवा?

सुटे सुटे विरोधी आमदार प्रश्न विचारू शकतातच. पण विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. सभागृहात त्याला बोलण्यासाठी प्राधान्य मिळतं. महत्त्वाच्या नेमणुकांच्या समित्यांवरही तो असतो. उदाहरणार्थ, राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक कॅबिनेट मंत्री आणि विरोधी पक्षनेता असे तिघे असतात.

हे पद रिकामं असू शकतं, याचा विचार माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्येच केला आहे. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्याला तो मान द्यावा, असं स्पष्टीकरण कायद्यातच आहे.

पेच कुठे अडकला?

नोव्हेंबर २०२४ च्या निकालात २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळाल्या. विरोधात शिवसेना (उद्धव ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १०. एक दशांश म्हणजे २९ सदस्य एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचं नाव दिलं. विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. त्यामुळे डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याशिवाय सुरू झालं.

एक दशांशाचा नियम कुठून आला?

लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळात पक्ष म्हणून मान्यता देण्यासाठी हा निकष आला. पुढे तो विरोधी पक्षनेतेपदालाही लावला गेला. त्यामुळेच २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत हे पद रिकामं होतं.

महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ चा आहे. त्यात टक्केवारी नाही. विरोधातला सर्वाधिक सदस्यांचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. त्यामुळे किल्ली अध्यक्षांच्या हाती राहते. दिल्ली विधानसभेत २०१५ मध्ये ७० पैकी फक्त ३ आमदार असलेल्या भाजपला विरोधी पक्षनेतेपद दिलं गेलं होतं. म्हणजे संख्या कमी असली तरी मान्यता देता येते.

आयर्लंडमध्ये काय होतं?

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पंतप्रधानपदाच्या दुसऱ्या कार्यकाळात त्यांना सभागृहात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या, म्हणजे शिन फेनच्या नेत्या मेरी लू मॅकडोनाल्ड यांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागे. तिथे 'नेत्यांचे प्रश्न' हा वेळ राखीव असतो. विरोधी नेते उभे राहून थेट सरकारच्या प्रमुखालाच विचारतात.

हा वेळ किती मोलाचा, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी विरोधकांच्या वाट्याचा बोलण्याचा वेळ मागितला. त्यावरून इतका गोंधळ झाला की नव्या पंतप्रधानांची निवड एक दिवस पुढे गेली. विरोधकांचं म्हणणं सरळ होतं: सरकारच्या बाजूने मत देणाऱ्यांनी विरोधकांच्या वेळेत बोलू नये.

विंझरकराच्या हातात काय?

राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. ही जबाबदारी मतदारसंघाच्या हद्दीत अडकलेली नाही. नागपूरचा किंवा कोकणातला आमदारही वेल्ह्याच्या रस्त्यावर तारांकित प्रश्न देऊ शकतो. त्यामुळे कामाचा आदेश, मंजूर रक्कम आणि मुदत ही माहिती माहिती अधिकारात मिळवून कोणत्याही आमदाराला देता येते. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर प्रश्नाला वजन येतं. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे आमदारामार्फत अर्ज करण्याची वाटही आहे.

आधी मात्र आपल्याच आमदाराला लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. प्रश्न विचारला गेला की नाही, हे अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत तपासता येतं. यादीत रस्ता दिसला नाही, तर पुढच्या ग्रामसभेत विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच.