झिको, नाहीतर ऑस्ट्रिया!

१९८३ चा उन्हाळा. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या उदिने शहरात लोक रस्त्यावर उतरले होते आणि घोषणा होती, ‘झिको, नाहीतर ऑस्ट्रिया!’ मागणी अगदी सरळ. आमच्या उदिनेसे क्लबनं ब्राझीलहून आणलेला खेळाडू आम्हाला खेळवू द्या, नाहीतर आम्ही निघालो ऑस्ट्रियात. १८६६ पर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातच होता, तेव्हा धमकीला इतिहासाचा आधारही होता. इटलीच्या फुटबॉल महासंघानं व्यवहारावर शंका घेऊन परवानगी अडवून धरली होती. शेवटी देशाची ऑलिंपिक समिती मध्ये पडली, झिकोचा मार्ग मोकळा झाला आणि उदिने इटलीतच राहिलं.

झिकोचं नाव निघालं की जाणकार मान हलवतात आणि म्हणतात, ‘बिचारा! वर्ल्ड कप नाही मिळाला.’ खरं आहे, नाही मिळाला. पण या माणसाचं खरं कसब भलतंच होतं. तो जिथे गेला ते गाव त्यानं खुळं करून सोडलं. आणि या गावांच्या यादीत रिओ, उदिने, जपानमधलं काशिमा यांच्या पंगतीला आपलं मडगावही बसलेलं आहे.

क्विंतिनोचा कोंबडा

खरं नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओच्या क्विंतिनो या उपनगरातला. वडील पोर्तुगालहून आलेले, सहा भावंडांत हे शेंडेफळ, आणि घरात सगळे फुटबॉलचेच भक्त. थोरला भाऊ एदू हा अमेरिका नावाच्या क्लबचा नावाजलेला खेळाडू. धाकटाही तिकडेच जाणार होता. पण एका रेडिओ पत्रकारानं त्याचा खेळ पाहिला आणि १९६७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला फ्लामेंगोच्या दारात नेऊन उभं केलं.

पोरगा इतका काडीपैलवान, की क्लबनं आधी त्याच्या अंगावर मांस चढवायचा कार्यक्रम हाती घेतला. खास आहार, वजनं उचलणं, डॉक्टरांची देखरेख, सगळं साग्रसंगीत. पुढे रेडिओ समालोचकानं त्याचं बारसं केलं, ‘क्विंतिनोचा कोंबडा’. टोपणनाव जन्मभर चिकटलं. दुसरं एक नाव होतं ‘गोरा पेले’, पण ते कौतुक असलं तरी उसनं. कोंबडा मात्र अस्सल त्याचा.

१९७२ च्या ऑलिंपिक संघातून त्याला वगळलं, तेव्हा तो फुटबॉलच सोडायला निघाला होता. या वगळण्यामागे एक काळी किनार आहे. त्याचा भाऊ नांदो साक्षरता मोहिमेत काम करायचा आणि त्यामुळे लष्करी राजवटीच्या डोळ्यांत सलायचा. भावामुळे आपलं नाव कापलं गेलं, असं झिको पुढे सांगत आला. २०१० मध्ये ब्राझीलच्या सरकारनं नांदोला राजकीय छळाचा बळी म्हणून अधिकृत मान्यता दिली.

शर्ट टांगा, शर्ट पाडा

फ्री किकचा राजा कसा घडला? सराव संपला, बाकीचे आंघोळीला गेले, की झिको गोलच्या वरच्या कोपऱ्यात एक शर्ट टांगायचा आणि चेंडूनं त्याचा वेध घेत राहायचा. पुन्हा पुन्हा. आजच्या अकादम्यांत यासाठी बहुधा सॉफ्टवेअर लागेल.

माराकाना मैदानावर त्यानं सव्वातीनशेहून अधिक गोल केले. तिथे इतके गोल दुसऱ्या कुणाचेच नाहीत. फ्लामेंगोसाठी एकूण पाचशेच्या पुढे. लक्षात घ्या, हा स्ट्रायकर नव्हता. मागून चेंडू घेऊन येणारा, इतरांना पास पुरवणारा दहा नंबर होता. जॉर्ज बेन या मोठ्या गायकानं १९७६ मध्ये या दहा नंबरच्या जर्सीवर गाणंच केलं.

आणि हीच जर्सी त्यानं एकदा काढून दिली. ६ एप्रिल १९७९, माराकाना. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी फ्लामेंगो विरुद्ध अॅटलेटिको मिनेरो असा सामना होता आणि फ्लामेंगोकडून पाहुणा खेळाडू म्हणून साक्षात पेले उतरणार होते. दहा नंबर कुणाचा, हा प्रश्नच नको म्हणून झिकोनं नऊ नंबर घातला. फ्लामेंगोला पेनल्टी मिळाली. सगळं मैदान पेलेंकडे पाहतंय, आणि पेलेंनी ती मारायला झिकोलाच पुढे केलं! झिकोनं त्या दिवशी तीन गोल ठोकले. नंबर बदलला, सवय नाही.

टोकियोची टोयोटा

१९८१ हे फ्लामेंगोचं सोन्याचं वर्ष. दक्षिण अमेरिकेचा कोपा लिबेर्तादोरेस त्यांनी चिलीच्या कोब्रेलोआला हरवून जिंकला. निर्णायक तिसरा सामना माँटेव्हिडिओत २-० असा सुटला आणि दोन्ही गोल झिकोचे. मग १३ डिसेंबरला टोकियोत युरोपचा विजेता लिव्हरपूल समोर. निकाल ३-०, तोही मध्यंतराच्या आत. गंमत म्हणजे झिकोचा त्यात एकही गोल नाही, तरी सामन्याचा मानकरी तोच, कारण चाव्या सगळ्या त्याच्या पायात होत्या. बक्षीस मिळाली टोयोटा मोटार. जपानशी झालेली ही पहिली ओळख दहा वर्षांनी फार कामाला येणार होती.

वर्ल्ड कप नावाची साडेसाती

अंक पहिला, १९७८, मार देल प्लाता. ब्राझील-स्वीडन १-१. शेवटच्या क्षणी कॉर्नर, झिकोचं डोकं, चेंडू जाळ्यात! आणि वेल्सचे रेफ्री क्लाइव्ह थॉमस सांगतात, चेंडू हवेत असतानाच मी शिट्टी फुंकली, सामना संपला. गोल रद्द. नियम काय सांगतो ते सांगू दे, कॉर्नर घेऊ द्यायचा आणि चेंडू पोचायच्या आत घड्याळ बघायचं, याला खडूसपणाच म्हणतात.

अंक दुसरा, १९८२, बार्सिलोना. सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो आणि झिको अशा चौकडीचा तो ब्राझील. आजही लोक त्याच्या चित्रफिती लावून बसतात. झिकोचे स्पर्धेत चार गोल, त्यातला न्यूझीलंडविरुद्धचा कात्रीसारखे पाय हवेत फिरवून मारलेला. ५ जुलैला इटलीशी बरोबरी पुरेशी होती. क्लाउडिओ जेंटिले झिकोला असा बिलगून होता की झिकोची जर्सी टरकन फाटली. त्यानं भोक पडलेली जर्सी रेफ्रीला दाखवली. उपयोग शून्य. पावलो रोसीचे तीन गोल, ब्राझील २, इटली ३, खेळ खल्लास.

अंक तिसरा, १९८६. आदल्या वर्षी एका रांगड्या टॅकलमध्ये गुडघ्याचा चक्काचूर झाला होता, तरी झिको मेक्सिकोत पोचला. फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत बदली म्हणून आला आणि आल्या आल्या असा पास दिला की ब्राझीलला पेनल्टी मिळाली. पाय अजून गरम व्हायचे होते, पण मारणार कोण? झिकोच. गोलकीपर बात्सनं अडवली. नंतरच्या शूटआऊटमध्ये झिकोनं बिनचूक गोल केला; सॉक्रेटिस चुकला, पलीकडे प्लातिनीही चुकला. पण ब्राझील हरलं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती झिकोचीच चूक.

उदिनेचा हिशेब

आता त्या मोर्चेकऱ्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. पहिल्याच लीग सामन्यात उदिनेसेनं जेनोआला जेनोआतच ५-० झोडपलं, झिकोचे दोन. त्या मोसमात त्यानं २४ सामन्यांत १९ गोल केले. गोल करणाऱ्यांत पहिला आला प्लातिनी, २० गोल, पण २८ सामन्यांत. म्हणजे दुखापत आडवी आली नसती तर उदिनेसारख्या मध्यम गावाच्या क्लबचा माणूस युव्हेंटसच्या राजाला मागे टाकून गेला असता. दोन मोसमांत झिको फ्लामेंगोला परतला.

मंत्रालयातला दहा नंबर

ब्राझीलमध्ये दोन कायदे दहा नंबरवाल्यांच्या नावानं ओळखले जातात. १९९० मध्ये निवृत्त झाल्या झाल्या झिको राष्ट्राध्यक्ष कोलोर यांच्या सरकारात क्रीडा खात्याचा प्रमुख झाला. तिथे त्याचं मन जेमतेम वर्षभर रमलं, पण त्याच्या काळात बीज पडलेला कायदा १९९३ मध्ये आला, तो ‘झिको कायदा’. क्लबांना कंपनी म्हणून चालवायची वाट त्यानं दाखवली, आणि खेळासाठी पैसा उभा राहावा म्हणून चक्क बिंगोला परवानगी दिली. १९९८ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्यानं घेतली. त्याचं नाव? ‘पेले कायदा’. नऊ नंबर घालूनही सुटका नाही.

जपानचा फुटबॉल-देव

१९९१. अडतीस वर्षांचा, निवृत्त, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला हा गृहस्थ जपानच्या काशिमा गावात दाखल झाला. क्लब होता सुमितोमो मेटल्स, पोलाद कारखान्याचा संघ, तोही दुसऱ्या श्रेणीतला. जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती आणि काशिमानं अर्ज केला तेव्हा लीगच्या प्रमुखांनी सांगितलं की तुमची शक्यता जवळपास शून्य. हां, छप्पर असलेलं पंधरा हजार आसनांचं स्टेडियम बांधलंत तर बघू. काशिमानं स्टेडियम बांधून दाखवलं! संघाचं नाव झालं काशिमा अँटलर्स.

१६ मे १९९३ ला लीगमधला काशिमाचा पहिला सामना. समोर नागोया, ज्यांच्याकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर. काशिमा ५, नागोया ०, आणि चाळिशी ओलांडलेल्या झिकोची हॅटट्रिक, जे-लीगच्या इतिहासातली पहिली. वर्षअखेरीस एम्परर्स कपमध्ये त्यानं तोल पुढे जात असताना टाच पाठीवरून उलटी फिरवून एक गोल केला. विंचवाच्या नांगीसारखा. तो गोल एकदा बघाच; मी शब्द खर्च करत नाही.

देवाचेही पाय मातीचे. जानेवारी १९९४, विजेतेपदाचा निर्णायक सामना, प्रतिस्पर्धी व्हर्डी कावासाकीला पेनल्टी मिळाली. चिडलेला झिको पुढे गेला आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवलेल्या चेंडूवर थुंकला! मैदानाला वाकून नमस्कार करणाऱ्या देशात. दुसरं पिवळं कार्ड, मैदानाबाहेर रवानगी. कावासाकीच्या काझूनं थंड डोक्यानं गोल केला आणि करंडक त्यांच्या घरी गेला. काशिमाकरांनी त्याला माफ केलं. पुतळासुद्धा उभारला.

१९९४ मध्ये पुन्हा निवृत्ती. ती टिकली किती? १९९५ मध्ये कोपाकबानाच्या वाळूत बीच सॉकरची पहिली जागतिक स्पर्धा भरली, ब्राझील जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच. अनवाणी वर्ल्ड कप धरायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बाकड्यावरचा झिको

प्रशिक्षक म्हणून जपानला २००४ चा आशिया कप त्यानं जिंकून दिला. त्यातला जॉर्डनविरुद्धचा शूटआऊट वाचण्याजोगा आहे. जपानचे पहिले दोन नेमबाज उखडलेल्या मातीवर घसरले. कर्णधार मियामोटो तडक रेफ्रीकडे गेला आणि म्हणाला, ही बाजू खेळण्यालायक नाही, दुसऱ्या गोलवर चला. आणि रेफ्री चक्क हो म्हणाले! सगळी वरात पलीकडे गेली, गोलकीपर कावागुचीनं किल्ला लढवला, जपान जिंकलं. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये नशिबानं त्याच्यासमोर ब्राझीललाच आणलं: ४-१, अर्थात ब्राझीलच्या बाजूनं. तुर्कस्तानात फेनरबाचेला शतकमहोत्सवी वर्षातच लीग जिंकून दिली आणि पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. ताश्कंद, मॉस्को, ग्रीस, इराक, कतार ही ठिकाणंही झाली. पासपोर्टाची पानं भरली, एवढंच त्याबद्दल पुरे.

मग २०१४, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधला एफसी गोवा. पोर्तुगीज बोलणारा प्रशिक्षक मडगावच्या फातोर्डा मैदानावर आला आणि तिथल्या जुन्या पिढीला दुभाष्याची गरज उरली नाही. पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत कोलकात्याकडून शूटआऊटमध्ये हार. दुसऱ्या वर्षी साखळीत पहिला नंबर, आणि त्या वाटेवर १७ नोव्हेंबर २०१५ ला मुंबईकरांची अब्रू: गोवा ७, मुंबई ०, दुदू आणि हाओकिप या दोघांच्या हॅटट्रिक. मुंबईकरांनो, हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.

त्याच वर्षी गोव्याचा रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्से क्लबकडून मैदानात उतरला, दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला भारतीय. आजवर तिकडून इकडे माणसं येत होती, हा उलटा प्रवास.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची अंतिम लढत. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे. फटाके काढायला हरकत नव्हती. नव्वदाव्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरकडून स्वयंगोल, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाचा घाव. २-३. प्रतिस्पर्ध्यांचा प्रशिक्षक कोण होता? मार्को मातेराझी. इटालियन! तेहतीस वर्षांनी पुन्हा इटली आणि पुन्हा ३-२.

उधारी वर्षभरात फिटली. २०१६ चा मोसम गोव्यासाठी पार वाया गेला, संघ तळाला. पण शेवटच्या सामन्यात, त्याच फातोर्ड्यावर, त्याच मातेराझीच्या चेन्नईयिनशी नऊ गोलांचा तमाशा झाला आणि भरपाईच्या वेळेत साहिल तावोरा या गोव्याच्याच पोरानं निकाल लावला, ५-४.

त्यानंतर झिको कुठे गेला असेल? २०१८ मध्ये काशिमाला, तांत्रिक संचालक म्हणून, आणि त्याच वर्षी काशिमानं आशियाची चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली. कामावर जायच्या वाटेत आपलाच पुतळा लागतो, अशी नोकरी बहुधा फार जणांच्या नशिबी येत नाही.