उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रयोग

औषध ही बाजारातील एक विलक्षण वस्तू आहे. भाजी निवडून घेता येते, कापडाचा पोत पाहता येतो. परंतु बाटलीत नेमके काय आहे, हे पारखण्याचे कोणतेच साधन रुग्णापाशी नसते. त्याच्या वतीने ती पारख करण्याची जबाबदारी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरावर येते. म्हणूनच या पदवीधराला प्रयोगशाळेत काय शिकविले जाते, हा सर्वांच्याच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी व तपासणीतील दोष चव्हाट्यावर आणले. तरीही २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात बालके दगावल्यावर तपासलेल्या पातळ औषधांत तेच द्रव्य आढळले. ते ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट व गोडसर असते. मात्र थिन लेअर क्रोमॅटोग्राफीसारख्या अल्पखर्चाच्या पद्धतीने त्याची प्राथमिक चाचणी होऊ शकते. तेव्हा उणीव ज्ञानाची नसून संशय घेण्याच्या सवयीची आहे.

ही सवय प्रात्यक्षिकांतून लागावयास हवी. पुष्कळ ठिकाणी घडते ते उलटेच. नमुन्याचे नाव फळ्यावर असते, अपेक्षित उत्तर गतवर्षीच्या जर्नलमध्ये. विद्यार्थी उत्तरावरून मागे गणित करीत ब्यूरेटचे रीडिंग ‘मिळवितो’. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याला गुण मिळतात तेच पिकते, हा अर्थव्यवहाराचा साधा नियम येथेही लागू पडतो.

उपाय यातूनच सुचतो. प्रयोगांची संख्या कमी करावी. प्रत्येक गटाला निराळा, अनोळखी नमुना द्यावा; त्यांतील एखादा मुद्दाम भेसळीचा असावा. रीडिंग घेताक्षणी शाईने नोंदवून त्यावर शिक्षकाची सही घ्यावी. गुण जुळलेल्या उत्तराला नव्हे, तर प्रामाणिक नोंदीला आणि चूक शोधण्याच्या रीतीला द्यावेत. फसलेला प्रयोग पुढील आठवड्यात पुन्हा करण्याची मुभा असावी.

खर्चाची सबब येथे फारशी टिकत नाही, कारण प्रयोग कमी झाले की रसायनेही कमी लागतात. खरा खर्च शिक्षकाच्या वेळेचा आहे. वीस निरनिराळे नमुने सिद्ध करणे व तपासणे हे कष्टाचे काम आहे, आणि कार्यभार मोजताना ते हिशेबात धरले गेलेच पाहिजे. हा खर्च टाळला, तर त्याची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.