इंजिनाला ताप का येतो?

मे महिन्यात खामगावचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत आपल्या गावावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार तुम्ही पाहिलीच असेल. ‘इंजिन तापले’ असे म्हणून आपण पुढे जातो. पण ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. मग मूळ रोग कसा ओळखायचा?

पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढ्याच भागाचे कामात रूपांतर होते. उरलेल्यांपैकी बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि बरीच इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते. पंप हे पाणी रेडिएटरकडे ढकलतो व तेथे वाऱ्याने ते निवते. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा दरवान असतो. त्याच्या धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. मेण वितळताना प्रसरण पावते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. पुष्कळ मोटारींत हे 82 अंश सेल्सिअसच्या सुमारास घडते. तो आकडा सहसा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

रेडिएटरचे झाकण मात्र प्रेशर कुकरचे काम करते. त्यावर 0.9 असे लिहिलेले असेल, तर आतला दाब वातावरणापेक्षा 0.9 बार अधिक होईपर्यंत ते वाफ कोंडून धरते. त्या दाबाला साधे पाणी सुमारे 118 अंशांना उकळते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरतो, पाणी उसळते आणि हात-तोंड भाजते.

आता निदान करू. गाडी उभी असताना काटा चढतो आणि धावू लागताच उतरतो? पंख्यावर संशय घ्या. वेगात असतानाच चढतो? रेडिएटरच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात. काटा चढला तरी रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप गारच आहे? बहुधा झडप उघडलेली नाही. पाणी वारंवार कमी होते? गळती किंवा झाकणाची सैल स्प्रिंग शोधा.

नळ्या तुंबण्याचे एक कारण आपल्या भागातच आहे. पूर्णा नदीचे खोरे खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. तेथील विहिरींचे खारे, क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतले, की धातू गंजतो आणि क्षारांचा थर साचतो. चुनखडीच्या थराची उष्णतावाहकता शुद्ध ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढीच असते! म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे मिश्रणच वापरावे.

निदान बरोबर झाले, तरी नवा सुटा भाग डुप्लिकेट निघाला तर? खोका हुबेहूब असतो, पण मेण आणि स्प्रिंग फसवतात. सुदैवाने थर्मोस्टॅटची परीक्षा शाळेतही घेता येते. मात्र शिक्षक शेजारी हवेत. पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅट व तापमापक दोऱ्याने त्यात लोंबकळत ठेवा. तळ जास्त तापतो, म्हणून दोन्ही तळाला टेकू देऊ नका. पाणी सावकाश तापवा व ढवळत राहा. झडप कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे उघडू लागली आणि पाणी निवल्यावर घट्ट मिटली, तर भाग चांगला. उकळत्या पाण्यातही ती मिटलेलीच राहिली, तर तो भाग गाडीत बसवू नये. दुकानदाराकडून पक्के बिल घेतलेले असले, तर बदलून मागता येतो.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे उन्हाळा फार’ असा सल्ला तुम्हाला ऐकायला मिळेल. तो मानू नका. दरवान नसला, की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त जळते आणि झीज वाढते. इंजिनाला अति उष्णता जशी बाधते, तसाच अति गारवाही बाधतो.

प्रयोग करताना झडप उघडू लागण्याचे आणि पूर्ण मिटण्याचे अशी दोन्ही तापमाने वहीत टिपा. ती सारखी येतात का? येत नसतील, तर मेण वितळण्याचा आणि गोठण्याचा विचार करून कारण शोधा.