गोदामातलं करिअर : ऐकीव समज आणि खरं काम

इतिहासात बी.ए. झाल्यावर मी भिवंडीच्या एका गोदामात दोन महिन्यांसाठी कामाला लागले. एम.ए.ची फी जमवायची, एवढाच विचार होता. आई म्हणाली, "गोदामात मुलीचं काय काम?" मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. एम.ए. राहून गेलं, काम मात्र सुटलं नाही. आता दरवर्षी निकाल लागले की ओळखीतले आईवडील मुलांना घेऊन येतात आणि पुरवठा साखळीतल्या नोकरीबद्दल विचारतात. त्यांच्या प्रश्नांमागचे समज बहुतेक चुकीचे असतात, आणि त्यापायी चांगली मुलं या दारापर्यंत येऊन परत फिरतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गैरसमज : गोदामातलं काम म्हणजे हमाली

हमाली हे त्यातलं एक काम, आणि ते कमी लेखण्यासारखं मुळीच नाही. महाराष्ट्राने या कष्टकऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा केला, तो अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे. पण ओझं उचलण्याच्या आधी आणि नंतर गोदामात खूप काही घडत असतं. ट्रक डॉकला लागला की चलन आणि ई-वे बिल ताडून पाहायचं, माल मोजून आवक नोंदवायची, प्रत्येक पेटीला रॅकवरचा पत्ता द्यायचा. ऑर्डर आली की ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी काढायचा. गाडीत कोणती पेटी आधी चढवायची हे उतरवण्याच्या क्रमावरून ठरतं : शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आत. या प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र माणूस असतो, आणि त्याच्या मागे किती माल मागवायचा, कधी मागवायचा, कोणत्या रस्त्याने आणायचा हे ठरवणारी माणसं असतात.

भिवंडीचंच पाहा. मुंबईची जकात मुलुंडच्या नाक्यावर भरावी लागे, म्हणून जकातीच्या हद्दीबाहेर माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा या गावांत गोदामं वाढली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. तेव्हा वाटलं होतं की भिवंडीचं महत्त्व संपेल. झालं उलटंच. पूर्वी राज्याबाहेरच्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान लहान डेपो ठेवत. ते कारणच उरलं नाही, आणि मोक्याच्या जागी मोठी गोदामं बांधणं परवडू लागलं. एका कराच्या बदलाने माल ठेवण्याची जागा, गाड्यांचे मार्ग आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या बदलल्या. इतिहास शिकलेल्या मला हे फार ओळखीचं वाटलं.

गैरसमज : एमबीए किंवा इंजिनिअरिंग केल्याशिवाय इथे वर जाता येत नाही

मोठ्या कंपन्यांच्या काही पदांसाठी पदवी मागतात, हे खरं. पण या क्षेत्राचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यापैकी काहींकडे ती नव्हती.

'एका वेळी किती माल मागवावा' याचं गणित आजही प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. थोडा थोडा मागवला तर दर वेळी मागणीचा खर्च, भरमसाट मागवला तर साठवणीचा खर्च आणि अडकलेला पैसा. दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कुठे होते, ते सूत्र 1913 साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन माणसाने मांडलं. त्याचं औपचारिक शिक्षण शाळेपुरतंच झालं होतं. कारखान्यात काम करता करता तो शिकला.

माल्कम मॅकलीनची गोष्ट तर बंदरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. कॉलेजला जायला पैसे नव्हते, म्हणून तो पेट्रोल पंपावर लागला आणि पुढे एक जुना ट्रक घेऊन माल वाहू लागला. 1937 मध्ये न्यू जर्सीच्या बंदरावर कापसाच्या गाठी उतरवून घ्यायला त्याला दिवसभर ताटकळावं लागलं, आणि एकेक गाठ हलवण्याऐवजी अख्खी पेटीच का उचलत नाहीत, हा प्रश्न तिथे पडला, असं तो सांगत असे. 26 एप्रिल 1956 ला त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे सुमारे 5.86 डॉलर लागत, कंटेनरने तो खर्च 16 सेंटच्या आसपास आला. आज उरणजवळ न्हावाशेवा बंदरात जे पेट्यांचे डोंगर दिसतात, त्यांची सुरुवात रांगेत खोळंबलेल्या एका ट्रकवाल्यापासून झाली.

आपल्याकडचा कायदाही अनुभव मोजतो. आयात-निर्यातीचा माल सीमाशुल्क खात्यातून सोडवणाऱ्या कस्टम ब्रोकरांसाठी 2018 चे नियम आहेत. (बंदरावर अजूनही त्यांना जुन्या नावाने सीएचए म्हणतात.) बारावी झालेला मुलगा ब्रोकरकडे लागतो, त्याला एच कार्ड मिळतं. कागद घेऊन धावणं, तपासणीच्या वेळी उभं राहणं, कोणत्या मालाला कोणता कोड लागतो ते ऐकत शिकणं, ही त्याची शाळा. मग खात्याची परीक्षा देऊन जी कार्ड, म्हणजे कागदपत्रांवर ब्रोकरच्या वतीने सही करण्याचा अधिकार. स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेला बसायला पदवी लागते आणि तिच्या जोडीला एमबीए, सीए, एलएलबी यांसारखी पात्रता, किंवा जी कार्डावर केलेलं दोन वर्षांचं काम. त्या कामाला नियमाने एमबीएच्या शेजारी बसवलं आहे. हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

गैरसमज : काम करत राहिलं की माणूस आपोआप शिकतो

हा उलट्या बाजूचा गैरसमज आहे आणि मला तो जास्त घातक वाटतो. दहा वर्षं स्कॅनर चालवूनही स्कॅनरपलीकडे काही न कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या तिसऱ्या आठवड्यात एका साबणाचा साठा जुळेना. कॉम्प्युटर 288 नग दाखवत होता, रॅकवर भरले 240. मी फरक लिहून आकडा दुरुस्त करायला निघाले. गोदामप्रमुखांना आम्ही काका म्हणायचो. ते म्हणाले, "आकडा बदलू नको, कारण शोध." दीड दिवस गेला. मालाच्या चार पेट्या होत्या. प्रत्येक पेटी फोडून मोजली तेव्हा कळलं की कंपनीने पेटीतले नग 72 वरून 60 केले होते आणि आमच्या सिस्टिममध्ये 72 च राहिले होते. म्हणजे प्रत्येक पेटीमागे अस्तित्वातच नसलेले 12 नग. माल भरपूर आहे असं समजून सिस्टिम नवी मागणी टाकत नव्हती, आणि तिकडे दुकानदार 'माल येत नाही' म्हणून ओरडत होता. मी आकडा दुरुस्त करून मोकळी झाले असते तर पुढच्या आवकेत तीच चूक पुन्हा शिरली असती. या कामात काय विचारायचं असतं, ते मला त्या दीड दिवसात कळलं.

टोयोटाचे ताइची ओनो नवख्या इंजिनिअरला कारखान्यात खडूच्या वर्तुळात उभं करून तासन्‌तास नुसतं बघायला लावत, अशी आठवण सांगितली जाते. हाताने शिकणं म्हणजे असं बघणं, विचारणं, लिहून ठेवणं. आणि हो, एक्सेल यायलाच हवं. त्याला पर्याय नाही.

गैरसमज : आता सगळं कॉम्प्युटरच करतो

साबणाच्या पेट्यांनी याचं उत्तर दिलंच आहे. मुंबईचे डबेवाले तर 1890 पासून डब्यावरच्या रंग, अंक, अक्षरांच्या खुणांवर साखळी चालवत आले आहेत, आणि नवा माणूस जुन्याबरोबर फिरूनच ती शिकतो. त्यांना फोर्ब्स मासिकाने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं, हा घरोघरी पोचलेला समजही खरा नाही. 1998 मध्ये फोर्ब्समध्ये त्यांच्यावर लेख आला होता, एवढंच. त्यांच्या कामाचं मोल त्या प्रमाणपत्रावाचूनही तेवढंच आहे.

गैरसमज : शिकाऊ उमेदवार म्हणजे फुकटचा राबता हात

काही ठिकाणी तसं वागवतात, हे नाकारत नाही. पण 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार करार नोंदवावा लागतो आणि विद्यावेतन द्यावं लागतं. 2019 च्या सुधारणेत ते शिक्षणानुसार किमान 5,000 ते 9,000 रुपये महिना ठरलं, आणि कंपन्यांनी स्वतः आखलेल्या प्रशिक्षणाची मुदत सहा महिने ते तीन वर्षं. कला-वाणिज्य शाखेच्या मुलांनाही हे दार उघडं आहे. मुंबई-ठाण्यात राहायचं तर ही रक्कम अपुरी पडते, आणि मुदत संपल्यावर कंपनीने नोकरी द्यावीच अशी सक्तीही नाही. हे दोन्ही आधी समजून घेतलं पाहिजे. मात्र नोकरी लावून देतो म्हणून कोणी अनामत मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही तीन प्रश्न विचारा. करार नोंदवणार का? आवक, साठा, डिस्पॅच, कागदपत्रं यांपैकी कोणत्या विभागात किती महिने ठेवणार? आणि शिकवणार कोण, त्या माणसाचं नाव काय? उत्तरं सरळ मिळाली तर रुजू व्हा. पहिल्या दिवशी बंद बूट घाला आणि खिशात वही ठेवा.