धंद्याचं भांडवल दवाखान्यात जाऊ नये म्हणून: सरकारी आरोग्य योजनांना विचारायचे तीन प्रश्न



खेळत्या भांडवलाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज त्याला पडणाऱ्या सगळ्यात मोठ्या भोकाबद्दल बोलू. उधारी बुडते ती हळूहळू. घरातलं एक मोठं ऑपरेशन मात्र आठवड्यात गल्ला रिकामा करतं. मग माल भरायला पैसे नाहीत, होलसेलवाला थांबायला तयार नाही, आणि चांगलं चाललेलं दुकान बसतं.

यावर दोन उत्तरं ऐकू येतात. एक, "सरकारी योजना आहे, बघू तेव्हा." दुसरं, "ती गरिबांसाठी, आपल्याला कुठे मिळते?" दोन्ही अर्धवट आहेत. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला 64.2 टक्के भाग 2013-14 मध्ये लोकांच्या खिशातून जात होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. फरक पडलाय, पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून आपणच भरतोय.

सगळ्यांना आरोग्य सुरक्षा मिळते की नाही, हे जगभर तीन प्रश्नांवर तपासतात: कोणाला, कशासाठी आणि किती. तेच तीन प्रश्न आपण आपल्या घरासाठी विचारू.

1. कोणाला?

केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. ती ठरावीक यादीतल्या कुटुंबांसाठी आहे. पण ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ आहे. महाराष्ट्रात सोबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते. ती आधी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती ओळखली जायची. 2023 च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली केली. म्हणजे "आपण दुकानदार, आपल्याला नाही मिळत" हे आता खरं नाही.

2. कशासाठी?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. या योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहेत, आणि तेही मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर. ताप आला म्हणून डॉक्टरांची फी, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, हे तुमच्याच खिशातून. शिवाय दवाखाना योजनेशी जोडलेला हवा, आणि तुमच्या आजाराच्या विभागासाठी जोडलेला हवा. हाडांसाठी जोडलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला हे स्पष्ट विचारा.

3. किती?

दर वर्षी कुटुंबाला 5 लाख रुपयांपर्यंत, कॅशलेस. ही रक्कम माणशी नाही, पूर्ण कुटुंबाची मिळून आहे. मोठ्या कुटुंबाने हे लक्षात ठेवावं.

आणि जे कोणीच देत नाही

समजा, तुमच्या दुकानाची रोजची कमाई 1,500 रुपये आहे. ऑपरेशन योजनेत झालं, बिल शून्य. पण दुकान 20 दिवस बंद. गेले 30,000. भाडं आणि हप्ता वेगळा. हे पैसे या योजना देत नाहीत. इथेच दुकानदार मार खातो.

नोकरदाराला यासाठी ईएसआयसी आहे. 10 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू होते. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. 15,000 पगारावर मालकाला पडतात 487.50 रुपये. त्यात उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. धंदा वाढला की हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

पण तुम्ही स्वतः मालक. तुमची ईएसआयसी तुम्हीच.

या आठवड्यात करायची चार कामं

- घरातल्या सगळ्यांची नावं रेशनकार्डावर आहेत का, आणि आधारवरच्या नावाशी जुळतात का, ते बघा. लग्न होऊन आलेली सून आणि नवीन बाळ यांची नावं हमखास राहतात.
- जवळच्या सेवा केंद्रात जाऊन सगळ्यांची आयुष्मान कार्डं काढा. दुकानातल्या मुलांनाही पाठवा, अर्धा दिवस सुट्टी द्या.
- जवळचे दोन जोडलेले दवाखाने आणि त्यांचे विभाग लिहून गल्ल्याशेजारी चिकटवा. खाली हेल्पलाइन 14555 लिहा.
- रोजच्या गल्ल्यातून 50 रुपये वेगळ्या खात्यात टाका. वर्षाचे 18,250 होतात. ते मालाला लावायचे नाहीत, बंद दिवसांसाठी ठेवायचे.

योजना बिल भरेल. शटर उघडं ठेवायची तयारी आपल्यालाच करावी लागते, आणि ती घरात सगळे धडधाकट असतानाच होते. आज दुकान बंद केल्यावर घरी जाऊन रेशनकार्ड काढा आणि नावं वाचा. काही अडलं तर व्हिडिओखाली विचारा.